इटलीच्या खेड्यात परवडणारं इंटरनेट: नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

इटलीतल्या खेड्यांत मराठी माणसं आता निरनिराळ्या कारणांनी येतात. क्रेमोना किंवा पिआचेन्झाच्या कॅम्पसवर शिकणाऱ्या मुलांना गावाबाहेर स्वस्त खोली मिळते. एप्रिल २०२४ पासून रिमोट काम करणाऱ्यांचा व्हिसा सुरू झाल्यावर पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम घेऊन टस्कनीत किंवा अब्रुझ्झोत राहून बघावं असं काहींना वाटतं. कुणी इथल्या माणसाशी लग्न करून डोंगरातल्या गावी येतं. या सगळ्यांकडून मला एकच प्रश्न येतो: "इंटरनेटसाठी कोणती कंपनी चांगली?"

हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी शोधायचं ते हे, की आपल्या दारापर्यंत नेमकं काय पोचलं आहे. एकाच गावात चर्चसमोरच्या चौकातल्या घराला एक गिगाबिटची फायबर मिळते, आणि टेकडीवर पाऊण किलोमीटर वरच्या घराला त्याच कंपनीकडून काहीही मिळत नाही. म्हणून घराचा करार सही करण्याआधी हे काम करा. सही झाल्यावर घरमालकाला तुमच्या इंटरनेटची फारशी चिंता उरत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पैसे इथेच वाचतात

इटलीत सुमारे ७,९०० कोमुने म्हणजे नगरपालिका-ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ७० टक्के ५,००० पेक्षा कमी वस्तीच्या आहेत. एवढ्या विरळ वस्तीत खासगी कंपन्यांनी स्वतःच्या पैशांनी फायबर टाकली नाही. अशा भागांना सरकारी भाषेत 'आरे बिआंके', पांढरे भाग, म्हणतात. तिथे सरकारच्या इन्फ्राटेल या कंपनीनं निविदा काढल्या आणि ते काम ओपन फायबरला मिळालं. पुढे युरोपीय महासंघाच्या पुनर्बांधणी निधीतून 'इतालिया आ उन जिगा' ही दुसरी योजना आली. तिचं काम २०२२ मध्ये ओपन फायबर आणि टिम ही जुनी टेलिफोन कंपनी यांच्यात वाटलं गेलं. टिमचं जमिनीतलं जाळं १ जुलै २०२४ पासून फायबरकॉप या वेगळ्या कंपनीकडे आहे.

आपल्याला याचा उपयोग असा: खेड्यांत तार टाकणारे मुख्यतः दोघेच, ओपन फायबर आणि फायबरकॉप. त्या तारेवरून सेवा विकणारे मात्र पुष्कळ. ओपन फायबर तर ग्राहकाला थेट काहीच विकत नाही. त्यामुळे एखाद्या दुकानात "तुमच्याकडे फायबर नाही" असं सांगितलं, तर त्याचा अर्थ इतकाच असू शकतो की त्या विक्रेत्याचा तुमच्या भागातल्या जाळ्याशी करार नाही. तेवढ्यावर आशा सोडू नका.

पायरी १: पत्ता अगदी नेमका मिळवा

खेड्यात लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

इटलीत जोडणीची उपलब्धता घर क्रमांकावरून, म्हणजे नुमेरो चिव्हिकोवरून तपासली जाते. शहरात हे सोपं. खेड्यात पत्ता 'लोकालिता अमुक', 'कोन्त्रादा तमुक', 'पोदेरे' असा असतो आणि पुढे 'एस.एन.सी.' लिहिलेलं असतं, म्हणजे 'सेन्झा नुमेरो चिव्हिको', क्रमांक नसलेलं घर. कधी कोमुनेनं रस्त्याचं नाव बदललेलं असतं, पण दूरसंचार कंपन्यांच्या यादीत जुनंच नाव असतं. अशा घरासमोरून फायबर गेलेली असली तरी संगणक "उपलब्ध नाही" सांगतो.

घरमालकाला तीन गोष्टी विचारा: वीजबिलावरचा पत्ता काय आहे, आधीच्या भाडेकरूकडे कोणाची जोडणी होती, आणि तांब्याची जुनी टेलिफोन लाइन घरात येते का. शेजारच्या घराचा क्रमांकही टिपून घ्या आणि तो घालूनही तपासा. शेजारी फायबर असेल आणि तुमच्याकडे "नाही" येत असेल, तर बहुतेकदा अडचण यादीत असते. कोमुनेच्या तांत्रिक कार्यालयात, उफ्फिचो तेक्निकोमध्ये, जाऊन घराला क्रमांक देण्याची किंवा तो दुरुस्त करण्याची विनंती घरमालकाच्या नावानं करता येते. लहान गावात हे कार्यालय आठवड्यातून मोजके तासच उघडं असतं, पण तिथली माणसं तुमचं घर ओळखत असतात. फोनवरच्या कॉल सेंटरपेक्षा तिथे काम लवकर होतं.

पायरी २: तीन ठिकाणी तपासा

पहिलं ठिकाण म्हणजे आग्कॉम या दूरसंचार नियामकाचा ब्रॉडबँड नकाशा. त्यावर पत्त्यानुसार फायबर, तांबं आणि रेडिओ जोडणीचे वेग दिसतात. दुसरं, सरकारचं 'बांदा उल्त्रा लार्गा' संकेतस्थळ. तिथे तुमच्या कोमुनेतलं काम आराखड्यात आहे, सुरू आहे, तपासणीत आहे की पूर्ण झालं आहे हे कळतं. रस्ता खोदून झाला म्हणजे जोडणी मिळाली असं नाही. 'कोल्लाउदो', म्हणजे तांत्रिक तपासणी, झाल्यावरच विक्री उघडते आणि मधे बरेच महिने जाऊ शकतात. घरमालक म्हणाला "फायबर येतेच आहे", तर इथे खात्री करा. तिसरं ठिकाण म्हणजे ओपन फायबर आणि फायबरकॉप यांची स्वतःची पाने. तिथे तुमच्या पत्त्यावर सेवा विकणाऱ्यांची नावंही मिळतात.

घर बघायला जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. रस्त्याकडेला नवी लोखंडी झाकणं आहेत का? भिंतीवर छोटी प्लास्टिकची पेटी आहे का? शेजाऱ्यांच्या छपरांवर एकाच दिशेला वळलेल्या छोट्या तबकड्या दिसतात का? तसं असेल तर त्या गावात रेडिओ इंटरनेट चालतं, आणि मनोरा कुठे आहे हेही कळतं.

पायरी ३: 'फिब्रा' या शब्दाला भुलू नका

इथे जाहिरातीत सगळ्यालाच 'फिब्रा' म्हणायची पद्धत होती. म्हणून आग्कॉमनं २०१८ मध्ये रंगीत शिक्के ठरवून दिले. हिरवा शिक्का आणि 'एफ' म्हणजे फायबर थेट घरापर्यंत किंवा इमारतीपर्यंत. पिवळा 'एफ-आर' म्हणजे फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंत किंवा मनोऱ्यापर्यंत, आणि पुढे तांबं किंवा रेडिओ. लाल 'आर' म्हणजे फायबर कुठेच नाही. विक्रेता काहीही म्हणो, शिक्का बघा.

पायरी ४: जे पोचतं त्यातून निवडा

हिरव्या शिक्क्याची फायबर मिळत असेल तर दुसरीकडे बघू नका. महिन्याला साधारण २० ते ३० युरोंत ती मिळते, म्हणजे बहुतेकदा बाकीच्या पर्यायांइतकीच किंवा त्याहून स्वस्त. अडचण एकच: रस्त्यावरच्या चेंबरपासून घरापर्यंत तार न्यायला नळी मोकळी हवी. जुन्या शेतघरांत ती नसते किंवा मातीनं बुजलेली असते, आणि खासगी जमिनीतलं खोदकाम सहसा घरमालकाच्या गळ्यात पडतं. ते कोण करणार हे भाडेकरारातच लिहून घ्या.

पिवळ्या शिक्क्याची तांब्याची जोडणी घ्यायची की नाही हे 'अर्मादिओ', म्हणजे रस्त्यावरची पेटी, किती लांब आहे त्यावर ठरवा. ती २००-३०० मीटरवर असेल तर शंभराच्या आसपास एमबीपीएस मिळू शकतात. एक किलोमीटरच्या पुढे वेग झपाट्यानं कोसळतो. पेटीच नसेल, थेट दूरच्या एक्स्चेंजमधून तांबं येत असेल, तर ती जुनी एडीएसएल. चार-पाच किलोमीटरवरच्या घरात तिच्यावर व्हिडिओ कॉलची खात्री देता येत नाही. तशा लाइनसाठी दोन वर्षांचा करार करू नका.

खेड्यांचा खरा आधार बनलं आहे ते रेडिओ इंटरनेट, म्हणजे एफडब्ल्यूए. छपरावर छोटी तबकडी, समोरच्या डोंगरावर मनोरा आणि दोघांमध्ये मोकळी नजर. वारेसे जिल्ह्यातल्या बुस्तो आर्सित्झिओची एओलो ही कंपनी याच कामातून वाढली. तिच्याशिवाय प्रत्येक प्रांतात छोट्या स्थानिक कंपन्याही आहेत. त्यांचं नाव गावाबाहेर कुणाला माहीत नसतं, पण तंत्रज्ञ शेजारच्या गावचाच असतो. बारमध्ये कॉफी घेताना "इथे नेट कुणाचं घेता?" एवढं विचारा, खरी माहिती तिथे मिळते.

रेडिओ जोडणी ठरवताना काय बघायचं? घरातून मनोरा दिसायला हवा. मध्ये चेस्टनट किंवा पॉपलरची झाडं असतील तर हिवाळ्यात पानगळीत उत्तम चालणारी जोडणी मे महिन्यात पानं आली की खालावते. तंत्रज्ञ येऊन सिग्नल मोजतो. सिग्नल पुरेसा नसेल तर भेटीचे पैसे लागतात का, हे आधीच विचारा. छपरावर तबकडी बसवायला घरमालकाची लेखी परवानगी घ्या. जुन्या संरक्षित वस्तीत, चेन्त्रो स्तोरिकोत, दर्शनी बाजूला काही लावायला बंधनं असतात.

यात गर्दीच्या वेळेचाही हिशोब करा. रेडिओ मनोऱ्यावर रात्री नऊ ते अकरा सगळं गाव एकदम येतं आणि वेग उतरतो. पण भारताशी काम करणाऱ्यांना याची झळ कमी बसते. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच असतात. घरच्यांशी रात्री नऊच्या बोलण्याची वेळ इथे संध्याकाळी साडेचार-साडेपाचला येते. दोन्ही वेळा मनोरा मोकळा असतो. म्हणून शेजाऱ्याच्या जोडणीचा वेग बघायचा असेल तर तुमच्या कामाच्या वेळी बघा. अपलोडचा आकडाही विचारा. कॉलमध्ये आपला आवाज आणि चेहरा त्यावरच अवलंबून असतो, आणि जाहिरातीत तो आकडा बारीक अक्षरांत असतो.

चौथा पर्याय मोबाइलचा. सिमकार्ड घालायचा राउटर घ्या आणि मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवा. जाड दगडी भिंतीमागे तोच राउटर निकामी ठरतो. महिन्याला दहा युरोंच्या आत १०० जीबीहून अधिक डेटा देणारी सिमकार्डं मिळतात. एकटा माणूस आणि बेताचा वापर असेल तर हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. सिम निवडताना नावापेक्षा जाळं बघा: केना टिमच्या जाळ्यावर चालते, 'हो' व्होडाफोनच्या, व्हेरी विंडत्रेच्या. इलिआद आणि विंडत्रे या मोबाइल कंपन्यांनी विरळ वस्तीच्या भागांसाठी झेफिरो नेट ही सामाईक कंपनी काढली आहे, त्यामुळे तिथे त्यांचे मनोरे पुष्कळदा एकच असतात. स्वस्त उपकंपन्यांपैकी काही वेगावर मर्यादा घालतात, ते अटींत वाचा. राउटर घेण्याआधी दोन-तीन सिमकार्डं फोनमध्ये घालून घराच्या प्रत्येक कोपऱ्यात वेग मोजा.

आल्प्सच्या सीमेवरच्या दऱ्यांत राहणाऱ्यांसाठी एक इशारा. स्वित्झर्लंड युरोपीय महासंघात नाही, म्हणून २०१७ पासूनची मोफत रोमिंगची सोय तिथे आपोआप लागू होत नाही. कोमो, वारेसे, सोन्द्रिओ, ओस्सोला या भागांत घरात बसल्या बसल्या फोन स्विस मनोरा पकडतो. डेटा रोमिंग बंद ठेवा आणि जाळं हातानं निवडा.

यातलं काहीच नसेल तर उपग्रह. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर असल्यानं कॉल व्यवस्थित होतात. ३६,००० किलोमीटरवरच्या जुन्या पद्धतीच्या उपग्रहांत प्रत्येक वाक्यानंतर अर्धा-पाऊण सेकंद वाट बघावी लागते. चित्रपट बघायला ते ठीक, नोकरीच्या मुलाखतीला नाही. उपग्रहाची उपकरणं आणि मासिक दर वारंवार बदलतात, म्हणून त्या दिवशीची किंमत बघूनच ठरवा. एकाकी डोंगरघरात दोन कुटुंबं राहत असतील आणि अटींत बसत असेल, तर खर्च वाटून घेता येतो.

पायरी ५: कागदपत्रं, आणि तोपर्यंतची सोय

पासपोर्ट, कोदिचे फिस्काले आणि बँक खात्याचा आयबॅन, एवढं लागतं. कोदिचे फिस्काले हा १६ अक्षर-अंकांचा कर क्रमांक आजेंझिया देल्ले एन्त्राते या कर कार्यालयात मोफत मिळतो. तो मिळवून देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. काही विक्रेते परमेस्सो दी सोज्जोर्नो, म्हणजे निवास परवानाही मागतात. तो हातात यायला वेळ लागतो, अर्जाची पोस्टाची पावती जपून ठेवा आणि ती चालेल का विचारा. खातं जर्मनीतलं किंवा लिथुआनियातलं असेल तरी सेपा क्षेत्रातला, म्हणजे युरोच्या सामाईक बँक-व्यवहार क्षेत्रातला, आयबॅन नाकारणं युरोपीय नियमांत बसत नाही. ऑनलाइन अर्ज तो घेत नसेल तर ग्राहक सेवेकडे लेखी विचारा.

पहिल्या दिवसासाठी सिमकार्ड घ्या. ते तंबाखूच्या दुकानात, पोस्टात आणि सुपरमार्केटमध्ये मिळतं. इलिआदची तर सिम देणारी यंत्रंच ठिकठिकाणी आहेत. मोठी फाइल पाठवायची असेल तर गावच्या बिब्लिओतेका कोमुनाले, म्हणजे ग्रंथालयात जा. 'पिआझ्झा वायफाय इतालिया' आणि युरोपच्या 'वायफाय फॉर ईयू' या योजनांतून अनेक छोट्या कोमुनेंच्या चौकांत मोफत वायफाय बसवलं आहे. बँकेचे व्यवहार मात्र अशा खुल्या जाळ्यावर करू नका.

पायरी ६: महिन्याच्या आकड्याखालचं वाचा

दर कमी दिसतो आणि बिल जास्त येतं, त्याची कारणं ठरलेली आहेत. जोडणीचा खर्च २४ किंवा त्याहून जास्त हप्त्यांत विभागलेला असतो आणि मध्येच सोडलं तर उरलेले हप्ते मागतात. मोडेम भाड्यानं चिकटवलेला असतो. वास्तविक २०१८ च्या आग्कॉमच्या निर्णयानुसार स्वतःचा मोडेम वापरायचा हक्क तुम्हाला आहे. काही करारांत दर महागाई निर्देशांकाशी बांधलेला असतो, करारात 'इस्तात' (इटलीची सांख्यिकी संस्था) हा शब्द दिसला तर ते कलम नीट वाचा.

दुकानात तीन वाक्यं पुरतात. "क्वांतो कोस्ता इल रेचेस्सो?" म्हणजे सोडताना किती पैसे? "इल मोदेम ए ओब्लिगातोरिओ?" म्हणजे मोडेम घ्यावाच लागेल का? "के बोल्लीनो आ?" म्हणजे शिक्का कोणता? उत्तर कागदावर मागा.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००७ च्या बेर्सानी कायद्यामुळे ३० दिवसांची सूचना देऊन करार कधीही सोडता येतो. द्यावा लागतो तो प्रत्यक्ष खर्च, दंड नाही. फोनवर किंवा ऑनलाइन घेतलेला करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. कंपनीनं स्वतःहून दर वाढवले तर ठरावीक मुदतीत विनाखर्च बाहेर पडता येतं, म्हणून बिलाबरोबरची सूचना वाचायला शिका. फोनवर "मी तुमच्या कंपनीतून बोलतोय, दर वाढतोय" असं सांगून दुसराच करार गळ्यात मारणारे खूप आहेत. भाषा कच्ची असलेला माणूस त्यांना सोपा वाटतो. 'सी' म्हणजे होय, हा शब्द अशा फोनवर उच्चारू नका, बिल हातात घेऊन स्वतः कंपनीला फोन करा.

अंध, कर्णबधिर आणि चालण्याची गंभीर अडचण असलेल्यांना इंटरनेटच्या शुल्कात ५० टक्के सवलत आहे. घरात असं कुणी असेल तर अर्ज जरूर करा, ती आपोआप मिळत नाही.

पायरी ७: घरात आल्यावर

दगडी भिंती वायफाय अडवतात. वेग कमी वाटला तर कंपनीला फोन करण्याआधी लॅपटॉप तारेनं मोडेमला जोडून बघा. दोन खोल्यांमध्ये पंधरा मीटरची साधी लॅन केबल महागड्या उपकरणांपेक्षा भरवशाची असते. डोंगरात उन्हाळी वादळं जोरात येतात, तेव्हा मोडेमची वीज आणि तांब्याची लाइन दोन्ही काढून ठेवा.

तारेनंही वेग कमीच येत असेल तर आग्कॉमचा 'मिझुरा इंटरनेट' प्रकल्प वापरा. त्यातलं नेमेसिस हे मोफत सॉफ्टवेअर दिवसाच्या चोवीस तासांत प्रत्येक तासाला मोजणी करून प्रमाणपत्र देतं. करारात हमी दिलेल्या किमान वेगापेक्षा तुमचा वेग कमी निघाला, तर ते तक्रारीत पुरावा म्हणून चालतं. फोनवरच्या साध्या स्पीड टेस्टचं चित्र तसं चालत नाही.

कंपनी दाद देत नसेल तर कोंचिलिआवेब या आग्कॉमच्या मंचावर मोफत तक्रार करता येते, आणि कोर्टात जाण्याआधी ती करावीच लागते. त्यासाठी स्पिद, म्हणजे इटलीची डिजिटल ओळख, किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र लागतं. नव्यानं आलेल्याकडे दोन्ही नसतील, तर जवळच्या ग्राहक संघटनेच्या कार्यालयात करार, बिलं आणि नेमेसिसचं प्रमाणपत्र घेऊन जा. जोडणी सोडताना भाड्याचा मोडेम परत पाठवल्याची पावती आणि सूचनेच्या पत्राची पोच शेवटचं बिल मिटेपर्यंत फेकू नका. हे कागद नसले की मोडेमचे पैसे नंतर मागितले जातात.